लाईन म्हणजे मुळात दोरी

पाथर्डी फाटा, नाशिक

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा नीट बोलता आलं नाही, वरच्या खोलीचं काम काढलंय आणि मिस्त्री तेव्हाच येऊन उभे होते. पण तुझ्या पोरीने ‘लाईन’चा अर्थ नुसता ‘रेषा’ लिहिला म्हणालास ना, ते डोक्यातून जातच नाही बघ. चूक नाहीये तिचं, पण आपण दिवसभर काय बोलतो बघ ना, नळाची लाईन फुटली, रेशनला लाईन आहे, खांबावर लाईनमन चढलाय, अमक्याचा पोरगा कुठल्या लाईनला आहे, आणि त्याला नोकरी लागली की लाईनीला लागला एकदाचा. यात रेषा कुठंय भो?

मग त्याच दुपारी मिस्त्रीने भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकले, मधे लाईनदोरी ताणून बांधली, बोटाने टिचकी मारली, दोरी थरथरून थांबली आणि मगच पहिली वीट ठेवली. वीट दोरीला चिकटू द्यायची नाही म्हणे, केसभर जागा ठेवायची, नाहीतर दोरी ढकलली जाते आणि पुढचा सगळा थर वाकडा.

रात्री डिक्शनरी काढली तर काय, हा शब्द लॅटिनमधल्या ‘लिनिया’वरून आलाय, म्हणजे लिननचा दोरा! आणि लिनन होतं जवसाच्या झाडाच्या धाग्याचं, तेच जवस ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो. कोटाचं अस्तर म्हणजे लायनिंग, तेही त्याच घरातलं. इंग्रजीत गळाची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी यांना अजून लाईनच म्हणतात. आधी दोरी, मग दोरीने आखलेली रेषा, मग रांग, रूळ, तारा, असं वाढत गेलं असणार, मला तरी तसंच वाटतं.

डेडलाईनचं मात्र वाचून वाईट वाटलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६४ मधे अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती, कैद्याने ती ओलांडली की गोळी. आपण तोच शब्द फॉर्मच्या शेवटच्या तारखेला वापरतो.

पोरीला हे सगळं सांग, पण आधी रविवारी इकडे घेऊन ये. भिंत अजून कमरेएवढीच आहे, दोरी बांधलेलीच असेल, तिलाच टिचकी मारून बघू दे.

तुझाच