कमळगडावर माझ्या चालीनं चाललेल्या तात्यांना

तात्या, नमस्कार.

तुमचं पूर्ण नाव विचारायचं राहून गेलं आणि फोन तुम्ही बाळगत नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. नांदगण्यातल्या किंवा वरच्या वस्तीवरच्या कुणाच्या नजरेस पडलं, तर त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवावं, एवढी विनंती.

मी साताऱ्यात शाळेत भूगोल शिकवायचे. ज्वालामुखी म्हटलं की मुलं वहीत टोकदार डोंगर काढायची. मग मी फळ्यावर आडव्या रेघा मारून सांगायचे, बाळांनो, आपल्याकडं तसं झालं नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, आणि त्याच्यावर पुन्हा नवा आला. भाकरीच्या चळतीसारखे थर. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल भोक घेतलं, तेव्हा साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत हाच काळा पाषाण लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट. भूशास्त्रात या थरांच्या एका मोठ्या गटाला आपल्या वाईचंच नाव आहे. आंबेनळी, महाबळेश्वर ही त्याच गटातली नावं. हे सगळं मी शिकवलं, पण दोन थरांमधला सांधा कधी हातानं चाचपला नव्हता. कमळगडाच्या माथ्यावर कातळ चिरून खाली नेलेली काव्याची, म्हणजे गेरूची, विहीर आहे, तिच्या तळाशी तो हाताला लागतो, हे ऐकून होते.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर एका ट्रेकिंग ग्रुपकडं नाव नोंदवलं. गुडघ्याचं आधी स्पष्ट सांगितलं होतं. “काळजी करू नका मॅडम” म्हणाले आणि पैसे भरून घेतले. जंगलातल्या चढावर मी मागं पडायला लागले, तेव्हा पुढं गेलेली मंडळी कंबरेवर हात ठेवून माझी वाट बघायची आणि मी पोचले रे पोचले की लगेच चालू पडायची. त्यांची विश्रांती व्हायची, माझी नाही. शेवटी “तुम्ही इथंच बसा, येताना घेऊन जातो” असं सांगून मला झाडाखाली बसवलं. वरून त्यांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. त्या दिवशीचा अपमान मी अजून विसरलेले नाही.

म्हणून पुढच्या खेपेला भाचीला घेऊन आले आणि वाटेत तुम्ही भेटलात. “गडावर निघालाय व्हय बाई? चला, मीबी येतो.” इतकंच बोललात आणि आमच्या मागून चालायला लागलात. पुढून नाही, मागून. त्यामुळं किती वेगानं चालायचं ते माझ्या हातात राहिलं.

आणि तात्या, ज्यासाठी हे पत्र लिहितेय ती गोष्ट अशी. मला दम लागला की मी थांबायच्या आत तुम्ही बसायचात. कधी वहाणेतला खडा काढायला, कधी मुंडासं सोडून पुन्हा बांधायला. “वाईच टेकतो मी,” म्हणायचात. तुम्हाला काय थकवा येणार, रोज तो डोंगर चढणाऱ्या माणसाला! पहिल्या दोनदा माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्यांदा भाचीनं माझ्याकडं बघितलं आणि माझे डोळे भरून आले. “थांबू या का?” हे मला त्या दिवशी एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही. आजारी माणसाला आधार देणारे पुष्कळ भेटतात. आपण आधार देतोय हे त्याला जाणवूसुद्धा न देणारे मी फार थोडे पाहिलेत.

विहिरीत तुम्ही माझ्या एक पायरी पुढं उतरत होतात. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, आणि तळाशी एकदम तो ओलसर, तांबडा थर. एका लाव्ह्याच्या माथ्याची ऊन-पावसानं माती झाली आणि तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन बसला. मी हात लावला तर बोटं लाल झाली. “घराला लावायची काव ती हीच की,” तुम्ही म्हणालात. मी तिथं किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. भाची वरून हाका मारत होती. तुम्ही एका शब्दानंही घाई केली नाहीत.

वर आल्यावर धोमचं पाणी, पलीकडं पांडवगड, पाचगणीच्या पठाराची सपाट कड असं सगळं दिसलं. समोरच्या डोंगरांवर एकाखाली एक कडे आणि उतार होते, माझ्या फळ्यावरच्या रेघांसारखेच आडवे. बोट दाखवून मी बोलत राहिले आणि तुम्ही मन लावून ऐकत होतात. शाळा सुटल्यापासून इतकं कुणी ऐकलं नव्हतं माझं.

आपल्या डोंगरांत अशी माणसं अजून आहेत. दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देणारी, मग कुठून आलात विचारणारी. त्यांच्या जिवावर आमच्यासारखे लोक गडकोट बघून घरी सुखरूप येतात, आणि फोटोत मात्र ती कुठंच नसतात.

पैसे पुढं केले तेव्हा तुम्ही हात जोडलेत. सूनबाईंनी दिलेल्या ताकाचेही मी नीट आभार मानले नाहीत, ते या पत्रातून मानते. गुडघा ठीक आहे. माझ्या धाकट्या बहिणीलाही ती विहीर बघायची आहे. दिवाळीनंतर तिला घेऊन येते. ती माझ्यापेक्षाही हळू चालते, तात्या.

तुमची,
साताऱ्याच्या बाई