विंगरची नुसती धाव मोजू नका

महोदय,

खेळाडूंच्या बदल्यांचे दिवस आले की मुंबई सिटी या फुटबॉल क्लबने कोणता तरुण विंगर (मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू) घ्यावा, यावर तावातावाने चर्चा सुरू होते. पुरावा म्हणून मोबाइलवरची छोटीशी क्लिप असते: पोरगा बॅकला, म्हणजे समोरच्या बचावपटूला, चकवतो, सुसाट सुटतो, टाळ्या पडतात. पुढे क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, कुठे गेला ते क्लिपमध्ये नसते. निवड नेमकी इथेच फसते.

१०५ बाय ६८ मीटरच्या मैदानात पेनल्टी बॉक्सच्या कडेपासून टचलाइनपर्यंत (मैदानाच्या बाजूच्या रेषेपर्यंत) जेमतेम १४ मीटरचा पट्टा उरतो. विंगरचे बरेचसे काम याच पट्ट्यात. मुंबईतली बरीच मुले मात्र जाळी लावलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर, पाच-पाच, सात-सातच्या सामन्यांत घडतात. तिथे चेंडू जाळीला लागून परत येतो, लाइन सांभाळावी लागत नाही आणि बॅकच्या पाठीमागे पळायला जागाच नसते. पायात कसब येते, पण कधी सुटायचे हे कळत नाही. म्हणून टर्फवरचा खेळ पाहून करार करू नये. मोठ्या मैदानावरचे किमान तीन सामने पूर्ण पाहावेत. त्यातला एक पावसाळ्यात चिखलात झालेला असेल तर उत्तमच.

चेंडू येण्याआधी मुलगा मान वळवून मागे बघतो का? पहिला टच पुढे पडतो की पायाखाली अडकतो? अडकला की बॅकला पाय रोवायला वेळ मिळतो, मग तीस मीटरची धाव कितीही भारी असो, उपयोग शून्य. गोललाइनपाशी पोचल्यावर मान वर करून पेनल्टी स्पॉटकडे मागे पास देतो, की डोळे मिटून हवेत टोलवतो? चेंडू गेल्यावर आपल्या बॅकच्या मदतीला सत्तराव्या मिनिटानंतरही परततो का? आणि समोरचा बॅक किती तयारीचा होता, हेही वहीत लिहावे. दुबळ्या बॅकसमोर कुणीही चमकतो.

पंधराव्या वर्षी जो सगळ्यांना मागे टाकतो, तो पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला असतो. दोन-तीन वर्षांत बाकीची मुले उंची-ताकदीने त्याला गाठतात आणि त्याच्याकडे दुसरी युक्ती नसते. मनगटाचा एक्स-रे वयचोरी पकडण्यासाठी काढतात. वाढ किती शिल्लक आहे, याचा अंदाजही त्यातून घ्यावा.

धीरही हवा. भारताचा विंगर छांगटे याने डिसेंबर २०१५ मध्ये अठराव्या वर्षी सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध दोन गोल केले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला २०२२-२३ च्या हंगामात, मुंबई सिटीत आल्यानंतर. डाव्या पायाच्या या खेळाडूला उजवीकडून आत वळायला मिळाले, हे त्यामागचे मोठे कारण, असे माझे मत.

फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त करार करता येत नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी घेतलेला मुलगा एकोणिसाव्या वर्षी, ऐन फळ धरायच्या वेळी, मोकळा होतो. त्यातली दोन वर्षे बाकावर गेली तर नुकसान दोघांचे. राखीव संघात किती खेळायला मिळेल आणि तिथे संधी नसेल तर लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे तात्पुरते, कधी सोडणार, हे सहीपूर्वीच ठरवून घ्यावे. आणि मुलाला घडवणाऱ्या वस्तीतल्या छोट्या क्लबांनी महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत त्याची नोंद दर हंगामाला वेळेवर करावी. नाहीतर उद्या त्याला घेणाऱ्या क्लबकडे प्रशिक्षणाची भरपाई मागायला हातात कागदच नसतो.

— एक फुटबॉल प्रशिक्षक, माहीम, मुंबई