पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांना, मनापासून

काका, नमस्कार. तुमच्यापर्यंत हे पोचेल की नाही माहीत नाही, समोर आलो की घसा दाटतो म्हणून लिहितोय. मी तोच, मे महिन्यात भर उन्हात रिक्षातून पाच जुने सीपीयू आणि एक स्क्रीन फुटलेला लॅपटॉप घेऊन आलो होतो. दोन कोअर टू ड्युओ, एक पेंटियम, दोन सेकंड जनरेशनचे आय थ्री, सगळं नातेवाइकांच्या माळ्यावरून नि एका बंद पडलेल्या क्लासमधून गोळा केलेलं.

तुमच्याआधी तीन दुकानं फिरलो होतो. एकाने हातसुद्धा लावला नाही, म्हणाला भंगारात घाल, किलोवर पैसे येतील. दुसऱ्याने दोन एसएमपीएस, म्हणजे सीपीयूला वीज पुरवणारे डबे, रिपेअर केले म्हणून पैसे घेतले, आठ दिवसांत एकातून जळका वास आला, परत नेला तर म्हणे तुमच्या घरची लाइन खराब. तिसरा चार पोरांसमोर हसला, एवढ्या कचऱ्यापेक्षा नवीन लॅपटॉप घे ना म्हणे. अहो पैसे असते तर घेतलाच असता ना!

तुम्ही पहिलं काय विचारलंत, तर "करायचंय काय याचं?" आणि मग खरंच ऐकत बसलात. एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट, आयझिंग मॉडेल, चुंबक तापवत नेलं की कुठल्या तापमानाला त्याचं चुंबकत्व जातं ते कॉम्प्युटरवर मोजायचं, प्रत्येक तापमानाचं गणित वेगळं त्यामुळे सहा मशीनवर सहा गणितं एकदम चालतात. अमेरिकेत ओक रिज लॅबमध्ये १९९७ च्या सुमारास टाकून दिलेले पीसी एकत्र जोडून असाच क्लस्टर केला होता हे सांगितलं तर तुमचे डोळे चमकले. मला तेवढ्यानेच भरून आलं होतं.

दुरुस्तीचं सगळं लिहित नाही, फुगलेले कॅपॅसिटर, सेल, पेस्ट, तुम्हाला ते रोजचंच. पण त्या पट्ट्या काका! प्रत्येक डब्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहून दिलंत तुम्ही. चार नंबरच्या डब्यावर, म्हणजे त्या पेंटियमवर, लिहिलंय "१२ व्होल्टची लाइन ११.६ येते. एकच हार्डडिस्क लाव. हा म्हातारा आहे, घाई करू नको." मी मागितलं नव्हतं, बिलात नव्हतं, गल्लीत गर्दी होती, तरी सहा वेळा मीटर लावून सहा पट्ट्या लिहिल्यात.

आणि त्या पट्टीनेच माझं अडलेलं काम सुटलं. मी सगळ्यांना सारखं काम वाटत होतो, मग आय थ्री लवकर संपवून नुसते बसायचे, पेंटियम मात्र रात्रभर धापा टाकायचा. घाई करू नको हे वाचलं आणि प्रोग्रामच बदलला, आता कामांची रांग असते, ज्याचं झालं त्याने पुढचं उचलायचं. म्हाताऱ्याच्या वाट्याला दोन येतात तेव्हा आय थ्री सात-आठ करतो, पण कोणी कोणासाठी थांबत नाही.

ज्या वस्तूला सगळे कचरा म्हणतात ती हातात घेऊन हिच्यात अजून किती जीव आहे हे शांतपणे बघणारी माणसं असतात, आणि ती माणसं समोरच्या पोरालाही तसंच बघतात. गेल्या शनिवारी पहाटे रन संपला. तापमान २.२७ च्या जवळ आलं (हे अंश नाहीत, मॉडेलचं स्वतःचं माप) की ग्राफवर चुंबकत्वाची रेघ खाली कोसळते. ऑन्सागर या शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये कागदावर काढलेलं उत्तर २.२६९ आहे काका! आई उठून आली, मी रडत होतो.

चार नंबर अजून चालू आहे, एकच हार्डडिस्क लावून. पट्टीचा कोपरा सुटायला लागला होता, त्यावर सेलोटेप मारलाय. या आठवड्यात ग्राफची प्रिंट घेऊन येतो, दुपारी, तुमची गर्दी कमी असते तेव्हा.