आणखी दोन वर्षं काठमांडूतच

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते, म्हणून लिहितेय. इथल्या नोकरीचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवलाय. सही झाली. रागवा, पण सगळं वाचून मग.

टीव्हीवर सिंहदरबार, म्हणजे इथलं सरकारी मुख्यालय, जळताना पाहिल्यापासून तुमचा जीव थाऱ्यावर नाही, कळतं मला. पण बाबा, तुमची सगळी नोकरी पोफळीच्या वीजकेंद्रात गेली, तुम्हाला तरी पटेल. पावसाळ्यात इथल्या नद्या फुगल्या की वीज ढलकेबर-मुझफ्फरपूर लाइनने भारतात जाते. हिवाळ्यात पाणी आटलं की तिकडून इकडे येते. सरकार कुणाचंही असो, दोन्हीकडच्या डिस्पॅचवाल्यांना, म्हणजे वीज कुठे किती सोडायची ते बघणाऱ्यांना, एकमेकांशी बोलावंच लागतं.

आमच्या घरमालकीण आमा मात्र २०१५ विसरत नाहीत. नवी राज्यघटना आली, सीमेवर मधेशींचं, म्हणजे तराईतल्या लोकांचं, आंदोलन पेटलं, ट्रक अडले. गॅस मिळाला तर अर्धा भरलेला सिलिंडर. दिल्ली म्हणाली, नाकाबंदी आमची नाही; आमांना ते आजही खरं वाटत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन चीनमार्गे माल आणण्याचा करार करून आले. शेजाऱ्याची चूल अडली की तो दुसरं दार शोधणारच, असं माझं मत. तुमचं वेगळं असेल, आल्यावर भांडू! २०१९ ला भारतातून इकडे तेल आणणारी मोतिहारी-अमलेखगंज तेलवाहिनी झाली, जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत भारताला १०,००० मेगावॉट वीज विकण्याचा करार झाला. तरी ज्या प्रकल्पात चिनी पैसा, त्याची वीज भारत घेत नाही, ही इथली सल आहेच. बांगलादेशला पावसाळ्यात ४० मेगावॉट जातात, तेही आपल्याच तारांवरून.

आई, खोलीत ऊन येतं, गरम पाणी आहे, इंडक्शनवर रोज वरणभात होतो. डिंकाचे लाडू पाठवू नकोस. बरं, थोडे पाठव. क्वार्टर्समध्ये दिवे गेले की "वीज बाबांकडे होते, मग आपल्याकडेच अंधार का?" म्हणून मी भोकाड पसरायचे आणि तू थोपटायचीस. अजून कधीकधी तसं थोपटून घ्यावंसं वाटतं.

बाबा, बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आई, गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे जायचंच, काकू सोबत येतील. आणि २०२१ च्या पुरानंतर ठरलं होतं ना, इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर? अजून खालीच आहे, दादाने सांगितलं. पावसाच्या आधी वर न्या, स्वतः उचलू नका.

शिमग्याला येतेय, पालखी घरी यायच्या आधी.

तुमची,
छकुली