डिव्हिजन तीनच्या पोरांचेही निकाल छापा

संपादक महोदय,

नाताळ झाला की वीस वर्षांखालच्या आइस हॉकी वर्ल्ड चॅम्पियनशिपची चर्चा होते, पण ती फक्त कॅनडा, अमेरिका, स्वीडनची. याच स्पर्धेला खाली डिव्हिजन तीनपर्यंत पायऱ्या आहेत हे कुणी सांगतच नाही. जानेवारी २०१७ मध्ये मी न्यूझीलंडला डनेडिनमध्ये होतो, तेव्हा तिथे डिव्हिजन तीन भरली होती, बाहेर ऐन उन्हाळा आणि आत स्वेटर घालून बसायचं. एक गोलकीपर पोरगा मॅचच्या आधी गोलसमोरचा गुळगुळीत बर्फ स्केटने खरवडत होता, पाय सटकू नये म्हणून, कितीतरी वेळ तेच चाललेलं. मॅच संपल्यावर दोन्ही टीम रांगेत उभ्या राहतात आणि जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत लागतं, खरं सांगतो अंगावर काटा आला, आणि टाळ्या वाजवायला कोण तर मूठभर माणसं! पहिला येणारा डिव्हिजन दोनमध्ये चढतो, त्यासाठी ही पोरं जीव तोडून खेळतात.

भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सभासद आहे, लडाखची पोरं गोठलेल्या तळ्यांवर खेळतात, उद्या त्यांनाही सुरुवात खालच्याच पायरीवरून करावी लागेल. तेव्हा जानेवारीत क्रीडापानावर कोपऱ्यात का होईना, या मॅचेसचे निकाल द्या.

- एक वाचक, नाशिक