छोटा कॅमेरा घेताना आधी खिसा बघा, मेगापिक्सेल नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मोबाइल फोटोग्राफीवर बरंच काही छापून येतं, मी आवडीने वाचतो, पण त्यात फिरून फिरून एक वाक्य येतंच की आता फोन इतके भारी झालेत की रोजच्या फोटोंसाठी वेगळा कॅमेरा कशाला हवा. हे मला अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय. आणि आमच्या फोटोवाल्या ग्रुपमधली तरुण पोरंपोरी हल्ली सारखी विचारतात की काका छोटा कॅमेरा कुठला घेऊ, त्यांनाही यात थोडं उत्तर मिळेल.

आधी फोनचं बोलू. भर उन्हात फोन उत्तमच फोटो काढतो, त्यात वादच नाही. पण संध्याकाळी देवघरात समई लावलीय, बाकी खोलीत अंधार, आजी हात जोडून बसलीय, हा फोटो फोनवर काढून बघा. फोन पाच-सात फ्रेम एकत्र करतो, अंधार उपसून काढतो, आजीच्या सुरकुत्या पुसतो आणि खोली ट्यूबलाइट लावल्यासारखी दिसते. समईचा उजेड जिथे संपतो तिथे तो संपलेला दिसायला हवा ना, फोटो त्याचाच तर आहे! चांगल्या छोट्या कॅमेऱ्यात तो अंधार तुमच्या हातात असतो.

आता निवडायचं कसं. 2010 च्या सुमाराला जगभरात असे लेन्स न बदलणारे डिजिटल कॅमेरे वर्षाला दहा कोटींच्या वर निघायचे, 2023 मध्ये तो आकडा वीस लाखांच्याही खाली आला. म्हणजे स्वस्तातले जवळजवळ सगळे गेले आणि उरले ते महागडे, त्यामुळे निवड चुकली तर भुर्दंड मोठा आहे. फुजीचा एक्स 100 व्हीआय 2024 मध्ये आला तेव्हा दीड लाखाच्या पुढे किंमत असूनही लोक महिनोन्‌महिने वाट बघत बसले होते. कॅमेरा खरंच सुंदर आहे, 40 मेगापिक्सेल, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर, एफ/2 ची (म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी) लेन्स, सगळं आहे. पण वजन 521 ग्रॅम आणि जाडी साडेपाच सेंटिमीटर, हा खिशातला कॅमेरा नाही हो, हा गळ्यातला कॅमेरा आहे, आणि गळ्यात घालायचा म्हटलं की माणूस ऑफिसला जाताना, भाजी आणायला जाताना तो घरीच ठेवतो.

रिकोचा जीआर थ्री बॅटरी-कार्डासकट 257 ग्रॅम भरतो, पँटच्या पुढच्या खिशात जातो आणि सेन्सर (फोटो टिपणारी चिप) मात्र फुजीच्याच मापाचा, एपीएस-सी, म्हणजे साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटर. सोनीच्या आरएक्स 100 मध्ये जो एक इंची म्हणून सांगतात तो प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 चा असतो, क्षेत्रफळ काढलं तर तिसरा हिस्सा. सोनीला झूम आहे, सातव्या मॉडेलला तर 24 ते 200 मिलिमीटरपर्यंत, प्रवासाला आणि मुलांच्या गॅदरिंगला तो घ्या, खुशाल घ्या. पण रोजच्या फोटोंसाठी मी झूम नको असंच सांगतो. एकच फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद दृश्य पकडते त्याचं मिलिमीटरमधलं माप, आकडा लहान तितकं दृश्य रुंद) हातात असली की काही दिवसांत डोळ्याला सवय होते, कॅमेरा वर करायच्या आधीच कळतं फ्रेममध्ये काय येणार आणि काय कापलं जाणार, मग पुढे-मागे सरकायचं ते पायांनी.

मंडईत हे नीट कळतं. मोठा कॅमेरा काढला की कोथिंबिरीची जुडी बांधणाऱ्या मावशी हात थांबवतात, पदर सारखा करतात आणि विचारतात, पेपरात येणार का? फोटो तिथेच संपला. जीआर मध्ये स्नॅप फोकस म्हणून सोय आहे, अंतर आधीच ठरवून ठेवायचं. एफ/8 ला (म्हणजे लेन्सचं भोक लहान करून) अडीच मीटरवर लावून ठेवलं की साधारण सव्वा मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं शार्प येतं, बटण पूर्ण दाबलं की खटकन फोटो, फोकस शोधत बसणं नाही. मावशींशी बोलता बोलता, कोथिंबीर घेता घेता फोटो होतो आणि त्यांना दाखवला की त्या खूशही होतात. (दाखवायचा मात्र, आणि नको म्हणाल्या तर पुसायचा, हे पथ्य पाळाच.) टोकियोतले रस्ते आयुष्यभर टिपणारे दाइदो मोरियामा यांनी रिकोचे छोटे कॅमेरे का धरून ठेवले ते अशा वेळी समजतं.

खरा प्रश्न पुढे आहे, फोकल लेंग्थ 28 की 35 की 40. जीआर थ्री 28 चा, 2021 मध्ये आलेला थ्री एक्स 40 चा, फुजी 35 चा, 2025 मध्ये आलेला जीआर फोर परत 28 चा. हे दुकानात उभं राहून ठरत नाही. फोनचा मेन कॅमेरा 24 चा असेल तर 1.2 झूम म्हणजे 28 च्या जवळ, 1.5 म्हणजे 35 आणि 1.7 म्हणजे 40. एकेक पकडून आठवडा-दोन आठवडे तेवढ्यावरच फोटो काढा. घरात 18-55 वाला जुना निकॉन पडला असेल तर आणखीनच बरं, झूमच्या रिंगला 18 वर चिकटपट्टी लावा (त्याच्या लहान सेन्सरमुळे ते 28 च्या जवळ जातं), मग 26-27 वर लावा (ते 40 सारखं), फुकटात उत्तर मिळेल. गल्ली, वाडे, गर्दी यांत रमणाऱ्याला 28 जमतो. माणसांचे चेहरे आवडत असतील तर 40, कारण 28 ने चेहरा भरून घ्यायला इतकं जवळ जावं लागतं की नाक मोठं दिसायला लागतं.

जीआर चे तोटेही सांगतो. फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, बॅटरी दोनेकशे फोटोंत बसते म्हणून जोडीला दुसरी हवीच. पावसाचं संरक्षण नाही (फुजीला आहे, पण त्यासाठी रिंग आणि फिल्टर वेगळे विकत घ्यावे लागतात) आणि मुख्य म्हणजे लेन्स आत-बाहेर होताना धूळ आत जाते. विसर्जनाच्या गुलालात हा कॅमेरा काढूच नका.

मुंबईत बोरा बाजारात किंवा ऑनलाइन जुना घेणार असाल तर एफ/16 लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपरान्‌कोपरा बघायचा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे आणि ती काढायला कॅमेरा उघडावा लागतो. लेन्समध्ये फोनचा टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का तेही बघा, आपल्याकडे मुंबई-कोकणातल्या दमट हवेत फंगस (बुरशी) फार लवकर धरते आणि इथे लेन्स बदलता येत नाही, म्हणजे लेन्स गेली की कॅमेराच गेला. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा आणि वरचेवर बाहेर काढून वापरावा.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवायचा असेल तर भारतात वॉरंटी चालते का हे आधी कंपनीला लेखी विचारा. फोन तुम्ही दर आठवड्याला तपासून लिहिता, तसं या कॅमेऱ्यांबद्दलही लिहा, निदान भारतात कुठला मिळतो आणि दुरुस्ती कुठे होते एवढं तरी, दुकानदार ते धड सांगत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे