चर्चमधली माणसे मोजायची कशी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘फ्रान्समध्ये धर्म संपला’ अशा बातम्या अधूनमधून छापून येतात आणि खापर थेट १७८९च्या राज्यक्रांतीवर फुटते. या प्रश्नाला ज्यांनी मोजपट्टी लावली, त्या गाब्रिएल ल ब्रा (१८९१–१९७०) यांचा उल्लेख मात्र कुठे नसतो. ल ब्रा मूळचे वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या पँपोलचे. पॅरिसमध्ये ते चर्चचा कायदा शिकवीत. एकेका धर्मग्रामात (एका चर्चखालच्या वस्तीत) मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, कोण येते, ईस्टरला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, कोण घेते, हे आधी मोजा आणि मग इतिहासात कारणे शोधा, असे आवाहन त्यांनी १९३१ मध्ये केले.

त्यांनी चार गट पाडले: चर्चशी संबंधच नसलेले; बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढ्यापुरते येणारे; रविवार-ईस्टर पाळणारे; आणि त्याहून भाविक. दुसरा गट सगळा घोळ करतो, कारण कागदोपत्री तेही पक्के कॅथलिक.

मोजणी कुठे चुकते? सणाचा रविवार धरला की आकडा फुगतो. सात वर्षांखालच्या मुलांना मिस्सेचे बंधन नाही. त्यांना धरून भागाकार केला की टक्का घसरतो. स्त्री-पुरुष एकत्र मोजले, तर पुरुष आधी गळाले हे दिसतच नाही. जुन्या कागदांत आणखी एक फसगत आहे. बिशपांच्या भेटीच्या नोंदींत ‘कम्युनियन घेणारे’ म्हणजे कित्येकदा नुसते कम्युनियनच्या वयाचे लोक, तेही ठोकळ आकड्यांत. शिवाय वर्षातून एकदा पापनिवेदन आणि ईस्टरला कम्युनियन हा नियम १२१५ पासूनचा. तो मोडणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले जाई. सतराव्या शतकातली जवळपास पूर्ण हजेरी म्हणजे शिस्त. श्रद्धा किती, ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा बाप्तिस्म्याची वही बोलकी. काल जन्मलेले मूल आज चर्चमध्ये, अशा नोंदी असलेल्या गावात पुढे हेच अंतर आठवड्यांवर गेले, तर बाप्तिस्मे पूर्वीइतकेच असले तरी तिथे काहीतरी बदललेले असते.

फादर फेर्नां बुलार यांनी १९४७ मध्ये ग्रामीण फ्रान्सचा नकाशाच काढला. त्यात पश्चिमेकडच्या ब्रिटनी आणि वाँदेतली चर्च भरलेली, मध्य फ्रान्समधल्या लिमुझँतली ओस. एकाच क्रांतीतून गेलेले हे प्रदेश इतके वेगळे का, हा खरा प्रश्न. ल ब्रांना तर ‘ख्रिस्ती धर्माचा लोप’ हा शब्दच फसवा वाटे. लोप म्हणायचा, तर मुळात श्रद्धा किती होती ते आधी दाखवायला हवे.

तेव्हा अशी टक्केवारी छापताना कोणता रविवार, कोणते वय आणि कोणता प्रदेश, एवढे सोबत द्यावे ही विनंती.

आपला,
एक वाचक